लैंगिक हत्या आणि गुन्हेगाराचा हेतू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात गुन्हेशास्त्र शिकवत असताना विधी आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांकडून, सत्र न्यायालयात नव्याने वकिली सुरू केलेल्या तरुणांकडून, बातमीदारांकडून आणि मुलींच्या आईवडिलांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कोणत्याही पीडितेचे नाव येथे नाही, आणि कृत्याचे तपशील हेतू समजण्यासाठी लागतात तेवढेच दिले आहेत.

१. बलात्कार झाला आणि खूनही झाला, म्हणजे ती लैंगिक हत्याच ना?

बहुतेक वेळा होय, पण दोन्ही गोष्टी एकच नाहीत. 'लैंगिक हत्या' या नावाचा गुन्हा भारतीय कायद्यात नाही. ही गुन्हेशास्त्राची संज्ञा आहे. ज्या खुनात लैंगिक कृती, किंवा लैंगिक अर्थ असलेले वर्तन, त्या घटनेचाच भाग असते, त्या खुनाला अभ्यासक लैंगिक हत्या म्हणतात. त्यामुळे बलात्कार झालेला नसतानाही एखादा खून या वर्गात मोडू शकतो, कारण प्रेताची अवस्था आणि घटनास्थळावरील खुणा त्या दिशेने बोट दाखवतात. ऑस्ट्रियातील मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग यांनी १८८६ च्या ग्रंथात अशा खुनांची चर्चा केली, तेव्हा ज्यात मारणे हेच सुख असते, तो प्रकार त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आजची व्याख्या त्याहून रुंद आहे. सुखासाठी केलेला खून, संतापात झालेला खून आणि अत्याचारानंतर साक्षीदार उरू नये म्हणून केलेला खून, हे तिन्ही प्रकार तिच्यात येतात. या पानावर ही रुंद व्याख्याच वापरली आहे, कारण अरुंद व्याख्या घेतली तर आपल्याकडची बहुसंख्य प्रकरणे अभ्यासाबाहेर राहतात.

२. हेतू आणि उद्देश यांत फरक काय? न्यायालयाला यांपैकी काय सिद्ध करावे लागते?

मारायचे होते की नव्हते, हा उद्देशाचा प्रश्न आहे; का मारायचे होते, हा हेतूचा. खुनाच्या गुन्ह्यात उद्देश, किंवा कृत्याने मृत्यू येऊ शकतो याची जाणीव, सिद्ध करावी लागते. हेतू हा गुन्ह्याचा घटक नसल्यामुळे प्रत्यक्षदर्शी पुरावा भक्कम असेल, तर हेतू न सापडूनही शिक्षा होते. पुरावा केवळ परिस्थितीजन्य असेल, तेव्हा मात्र हेतूचे वजन वाढते. सारडा खटल्यात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रे सांगितली, आणि पुराव्याची साखळी आरोपीच्या निर्दोषत्वाशी सुसंगत असे कोणतेही वाजवी अनुमान उरू नये इतकी पूर्ण हवी, असे बजावले. लैंगिक हत्येला बहुधा प्रत्यक्षदर्शी नसतो, म्हणून या खटल्यांत हेतूवर वाजवीपेक्षा जास्त भर देण्याचा मोह तपास यंत्रणेला होतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ६६ मध्ये (पूर्वीचे भारतीय दंड विधान ३७६अ) एक वेगळी वाट आहे. बलात्कार करताना केलेल्या दुखापतीमुळे मृत्यू आला, तर मारण्याचा उद्देश होता का, हे तपासावे लागत नाही. शिक्षा किमान २० वर्षे सक्तमजुरी, उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर कारावास किंवा मृत्युदंड अशी आहे.

३. असे खून किती होतात? रोज पेपरात वाचतो, म्हणजे खूपच असतील.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१७ पासून 'बलात्कार किंवा सामूहिक बलात्कारासह खून' असा स्वतंत्र रकाना ठेवला आहे. २०१७ ते २०२२ या सहा वर्षांत देशभरात अशा १,५५१ गुन्ह्यांची नोंद झाली. सर्वांत जास्त २०१८ मध्ये, २९४, आणि सर्वांत कमी २०२० मध्ये, २१९. २०२२ चा आकडा २४८ होता. त्या वर्षी देशात खुनाचे एकूण २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे प्रमाण एक टक्क्याहून कमी पडते.

हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, २०१७ पूर्वी अशा प्रकरणांची मोजणी केवळ 'खून' म्हणून होत असे, कारण एका घटनेत अनेक गुन्हे असले तर सर्वांत गंभीर गुन्हाच मोजण्याची पद्धत आहे. म्हणून त्याआधी असे गुन्हे कमी होते, असे म्हणता येत नाही. दोन, खुनाच्या हेतूंचा जो तक्ता याच अहवालात असतो, त्यात वादविवाद, वैयक्तिक शत्रुत्व, लाभ, प्रेमप्रकरण, अनैतिक संबंध असे मथळे असतात आणि ते तपासाच्या कागदांवरून भरलेले असतात. त्या तक्त्यातील 'हेतू' हा पोलिसांनी लावलेला हेतू असतो. प्रबंधात तो गुन्हेगाराचा हेतू म्हणून उतरवू नये. ही चूक मला जवळजवळ दरवर्षी दुरुस्त करावी लागते.

४. हेतू वासना हाच असतो ना? मग इतका अभ्यास कशाचा करायचा?

सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच, आणि या विषयातील सर्वांत मोठा गैरसमजही हाच. 'वासनांध', 'नराधम' हे शब्द बातमीत आले की कारण सांगून झाले, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या शब्दांनी कारण सांगितलेले नसते. आपला संताप तेवढा सांगितलेला असतो. संताप रास्त आहे. पण ज्याला फक्त वासना होती तो खुनापर्यंत का पोहोचला, याचे उत्तर वासनेत मिळत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ निकोलस ग्रोथ यांनी १९७०च्या दशकात बलात्काराच्या दोषी कैद्यांसोबत काम करून तीन प्रकार मांडले : संतापातून केलेला, सत्ता गाजवण्यासाठी केलेला आणि दुसऱ्याच्या वेदनेतून सुख घेण्यासाठी केलेला बलात्कार. या तिन्हींत लैंगिकता हे साधन असते आणि गरज दुसरीच असते, हे त्यांचे म्हणणे होते. पुढे खुनाच्या अभ्यासकांनी ही मांडणी ताणली, दुरुस्त केली. कॅनडातील एरिक बोरगार्ड आणि जाँ प्रू यांनी २००२ मध्ये, मालिका-खुनी नसलेल्या, लैंगिक हत्येच्या दोषींचा अभ्यास करून दोन मुख्य मार्ग दाखवले. एका मार्गावर कल्पनाविश्व, योजना, सावजाची निवड आणि अपमान करण्याची ओढ असते. दुसऱ्या मार्गावर योजना जवळपास नसते. साठलेला राग समोर आलेल्या स्त्रीवर कोसळतो, आणि पुष्कळदा तो राग मुळात तिच्यावरचा नसतोच.

यात तिसरा हेतू जोडावा लागतो, आणि आपल्याकडच्या, विशेषतः बालिकांच्या, प्रकरणांत तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : ओळख पटू नये म्हणून मारणे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बांधकामाच्या जागेवर राहणाऱ्या मजुराच्या मुलीवर शेजारच्या खोपटातील माणूस अत्याचार करतो. मुलगी त्याला काका म्हणते, त्याचे नाव तिला माहीत आहे, आणि ती रडत म्हणते, "आईला सांगीन." पुढचा खून हा त्या वाक्याला दिलेले उत्तर असतो. येथे अत्याचाराचा हेतू एक, खुनाचा हेतू दुसरा, आणि दोहोंमध्ये काही मिनिटांचे अंतर. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे ९५ टक्के प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते आहे. ओळख हीच जेथे धोका ठरते, तेथे 'अनोळखी माणसाशी बोलू नकोस' या शिकवणीने किती संरक्षण मिळते, याचा विचार पालकांनी जरूर करावा.

चौथी शक्यता प्रतिकाराची किंवा आरडाओरड्याची. तोंड दाबताना, गळा आवळताना मृत्यू येतो आणि आरोपी 'मारायचे नव्हते' असे सांगतो. ते कधी खरे असते, कधी नसते. शवविच्छेदन अहवालातील जखमांची संख्या, जागा आणि क्रम येथे आरोपीच्या शब्दांपेक्षा जास्त बोलतात.

५. असे करणारे सगळे मनोरुग्णच असणार. शहाणा माणूस असे करेल का?

करतो. भ्रम-भास होणारा, वास्तवाशी संबंध तुटलेला रुग्ण या गुन्ह्यांत क्वचित आढळतो. व्यक्तिमत्त्वाचे दोष जास्त आढळतात : समाजविघातक व्यक्तिमत्त्व, सायकोपॅथीची (सहानुभूती आणि पश्चात्ताप नसण्याची) लक्षणे, आणि थोड्या जणांत वेदनेतून कामसुख घेण्याची विकृती, जिची जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात स्वतंत्र नोंद आहे. सायकोपॅथी मोजण्यासाठी रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची आणि ४० गुणांची चाचणी वापरतात. ती प्रशिक्षित तज्ज्ञानेच करायची असते, यूट्यूबवरच्या चित्रफितीवरून नव्हे. यांतील कशामुळेही माणूस कायद्याच्या दृष्टीने वेडा ठरत नाही. न्याय संहितेच्या कलम २२ खाली सुटका हवी असेल, तर आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे, हे त्या क्षणी कळण्याची क्षमताच नव्हती, हे दाखवावे लागते. प्रेत लपवणारा, कपडे धुणारा, फोन बंद करणारा आरोपी ते दाखवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या हजारो माणसांना आपण या प्रश्नाच्या एका वाक्याने खुन्यांच्या रांगेत बसवतो. ते अन्यायाचे आहे.

६. मग सरळ गुन्हेगारालाच विचारले, 'तू का केलेस?', तर कळणार नाही का?

विचारावे, पण जे कळेल ते काय आहे, हे ओळखून. सी. राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञाने १९४० मध्ये दाखवून दिले की, माणूस हेतू सांगतो तेव्हा तो मनात डोकावून वाचून दाखवत नसतो. त्याच्या समाजात जी कारणे चालतात, त्यांतून तो एक निवडतो. १९५७ मध्ये ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी अपराधभावना बोथट करण्याच्या पाच युक्त्या मांडल्या : जबाबदारी नाकारणे, इजा नाकारणे, समोरची व्यक्ती पीडित आहे हेच नाकारणे, दोष देणाऱ्यांनाच दोष देणे आणि आपल्या माणसांशी निष्ठेचा दाखला देणे. 'दारू चढली होती', 'तीच आली होती', 'पोलीस काय धुतल्या तांदळाचे आहेत' ही वाक्ये त्या चौकटीत ठेवून पाहिली, म्हणजे त्यांचा उपयोग कळतो. ही वाक्ये खुनाचे कारण सांगत नाहीत. पण खून करूनही हा माणूस स्वतःसोबत कसा जगतो आणि त्याच्या वस्तीतील कोणती कारणे त्याला उधार मिळाली, हे त्यांतून दिसते, आणि तेही मोलाचे आहे. मधुमिता पांडे यांनी दिल्लीच्या तिहार कारागृहात बलात्काराच्या सुमारे शंभर दोषी कैद्यांशी बोलून पीएच.डी.साठी केलेल्या कामात हेच ठळकपणे पुढे आले : अनेकांना आपण केले त्याला बलात्कार म्हणतात, हेच मान्य नव्हते.

उलट बाजूही लक्षात असावी. पोलीस कोठडीत सांगितलेला हेतू आणि तुरुंगात दहा वर्षांनी सांगितलेला हेतू, यांची किंमत सारखी नसते. नोएडाजवळच्या निठारीतील २००६ च्या बालहत्या प्रकरणात कबुलीजबाबातून अत्यंत भयानक हेतू देशभर सांगितला गेला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर कठोर ताशेरे ओढून आरोपींना निर्दोष सोडले. त्या सतरा वर्षांत त्या 'हेतू'वर किती लेख लिहिले गेले असतील, याचा विचार करून मी विद्यार्थ्यांना कबुलीजबाब हा शेवटी वाचायला लावतो.

७. एफबीआयसारखे घटनास्थळ पाहून गुन्हेगार कसा असेल, हे सांगता येते का?

मर्यादित प्रमाणात. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेचे रॉबर्ट रेसलर आणि जॉन डग्लस यांनी मनोविकार-परिचर्येच्या प्राध्यापिका अ‍ॅन बर्जेस यांच्यासह तुरुंगातील ३६ खुन्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्यावर आधारलेला ग्रंथ १९८८ मध्ये आला. त्यांनी घटनास्थळांचे 'संघटित' आणि 'असंघटित' असे दोन वर्ग केले. पहिल्यात योजना, संयम आणि पुरावा नष्ट करण्याची काळजी दिसते, दुसऱ्यात गोंधळ. कल्पना सोपी असल्यामुळे ती जगभर पसरली. परंतु ३६ ही संख्या लहान होती, बोलायला तयार झालेलेच कैदी त्यात होते, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ब्रिटनचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १०० मालिका-खुन्यांच्या माहितीवर हे वर्गीकरण तपासले, तेव्हा असे दोन वेगळे गट सापडले नाहीत; 'संघटित' खुणा बहुतेक प्रकरणांत होत्या, आणि 'असंघटित' खुणा विरळ होत्या, त्यांचा वेगळा प्रकार बनत नव्हता.

त्यातच तो अभ्यास बहुतांशी मालिका-खुन्यांचा होता. आपल्या सत्र न्यायालयात येणारा आरोपी बहुधा एकाच खुनाचा आणि त्याच वस्तीतला असतो. त्याच्यावर ते साचे चढवले, तर निष्कर्ष चुकतो. धंतोलीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतला डीएनए अहवाल त्या दोन शब्दांपेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह आहे.

८. नार्को चाचणी केली तर खरा हेतू बाहेर येणार नाही का?

आरोपीच्या संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग करता येत नाही, असे सेल्वी खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे. औषधाच्या अमलाखाली माणूस खरे बोलतोच, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध नाही. तो अधिक बोलतो, एवढेच. अधिक बोलण्यातून काय हाती येते, ते प्रश्न ६ मध्ये पाहावे.

९. लहानपणी काही खुणा दिसतात का? माझा भाचा कुत्र्याच्या पिल्लांना त्रास देतो, भीती वाटते.

१९६३ मध्ये मॅकडोनाल्ड नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी अंथरूण ओले करणे, आगी लावणे आणि प्राण्यांशी क्रौर्य अशा तीन खुणा मांडल्या. त्या तिघींचे एकत्र भाकीत नंतरच्या संशोधनात टिकले नाही. अंथरूण ओले होण्याचा हिंसेशी संबंध जोडणे तर मुलावर अन्यायच आहे. प्राण्यांना मुद्दाम, पुन्हा पुन्हा आणि मजा वाटते म्हणून इजा करणे, हे मात्र दुर्लक्ष करण्याजोगे नाही. खुनी होण्याची ती खूण नव्हे. घरात त्या मुलालाच मार बसतो का, त्याच्यावर अत्याचार होतो का, हे पाहण्याची ती खूण आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (मेडिकल) मानसोपचार विभागात त्याला दाखवावे, आणि दाखवताना 'हा पुढे गुन्हेगार होईल का' असे त्याच्यासमोर विचारू नये.

१०. दारू आणि मोबाइलवरचे अश्लील व्हिडिओ, ही खरी कारणे नाहीत का?

दारू संयम सैल करते; हेतू निर्माण करत नाही. स्वतःहून घेतलेल्या नशेचा बचाव कायदाही सहसा मानत नाही. अश्लील चित्रफितींबाबत मानसशास्त्रज्ञ नील मॅलमथ यांचे काम उपयोगी आहे. ज्यांच्या मनात स्त्रियांविषयी वैर आणि नात्याशिवायच्या संभोगाची ओढ आधीच एकत्र आली आहे, त्यांच्यात, विशेषतः हिंसक चित्रफिती सतत पाहिल्याने, धोका वाढतो. इतरांत तसा परिणाम दिसत नाही. आरोपीच्या मोबाइलमध्ये असे व्हिडिओ सापडले, ही बातमी म्हणूनच अर्धी आहे. इतर लाखोंच्या मोबाइलमध्ये काय आहे, हे आपण तपासलेले नसते.

११. ती तेथे त्या वेळी एकटी का गेली होती, हे पाहायला नको का?

संधी कशी मिळाली, हे पाहायला हवे. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार तयार गुन्हेगार, लक्ष्य आणि रक्षणकर्त्याचा अभाव एका जागी आले की गुन्हा घडतो. अंधाऱ्या रस्त्यावर दिवा लावणे, रात्रपाळीच्या महिलांना घरापर्यंत वाहन देणे, ही त्यातून निघणारी कामे आहेत. पण संधी म्हणजे हेतू नव्हे, आणि ती कशी वागली यातून त्याचा हेतू कधीच सिद्ध होत नाही.

विदर्भाने याची किंमत मोजली आहे. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, अंगावर प्रतिकाराच्या जखमा नाहीत म्हणून, त्यांना सोडले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तो खुनाचा खटला नव्हता. तरीही पीडितेच्या वागण्यात उत्तर शोधण्याची सवय किती खोलवर आहे, हे शिकवायला मी तोच खटला घेतो.

१२. बलात्काराला फाशी ठेवली, तर पुरावा नको म्हणून खून वाढतील, असे म्हणतात. खरे का?

हा तर्क जुना आहे : दोन गुन्ह्यांची शिक्षा सारखी असेल, तर दुसरा गुन्हा करताना गमावण्यासारखे काही उरत नाही. प्रश्न ४ मधील तिसऱ्या हेतूकडे पाहिले, की तो गंभीरपणे घ्यावासा वाटतो. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती. पुढे २०१८ मध्ये १२ वर्षांखालील मुलीवरील बलात्कारासाठी आणि २०१९ मध्ये पॉक्सो (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्यात मृत्युदंडाची तरतूद आली. माझे मत असे की, भीती वाटायला हवी ती पकडले जाण्याची. घटनेच्या क्षणी आरोपीच्या डोक्यात शिक्षेचे कलम नसते. 'ही सांगेल' एवढेच असते.

१३. शिक्षा ठरवताना गुन्हेगाराचा पूर्वेतिहास कशाला पाहायचा? त्याने तिचा विचार केला होता का?

या प्रश्नामागची वेदना मला समजते. तरीही पाहावा लागतो, कारण फाशीसाठीची 'दुर्मिळातील दुर्मिळ' ही १९८० च्या बचनसिंग खटल्यातील कसोटी गुन्हा आणि गुन्हेगार दोघांकडे पाहायला सांगते. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल, तुरुंगातील वर्तन आणि कौटुंबिक पार्श्वभूमी सुरुवातीलाच मागवावी, असे ठरवले. नागपूरशी याचा थेट संबंध आहे. येथे २००८ मध्ये चार वर्षांच्या मुलीवर परिचित माणसाने अत्याचार करून तिचा खून केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फाशी कायम केली, २०१७ मध्ये पुनर्विचार याचिका फेटाळली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मनोज निकालातील प्रक्रिया पाळली गेली नव्हती म्हणून शिक्षेच्या प्रश्नावर नव्याने सुनावणीचा मार्ग उघडला. दोषसिद्धी तशीच राहिली. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात फाशीच्या ८८ कैद्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जणांना किमान एक मानसिक आजार आढळला होता. हेतू समजून घेणे म्हणजे माफ करणे नव्हे. पण ज्याला मारायचे ठरवले आहे, तो कोण आहे हे न पाहता राज्याने निर्णय घेऊ नये.

१४. खैरलांजीला या विषयात घ्यायचे की नाही?

सरळ उत्तर देता येत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासावे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलांची जमावाने हत्या केली. मायलेकींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे आरोप चळवळीने सातत्याने केले, पण खटल्यात विनयभंगाचे आणि अ‍ॅट्रॉसिटीचे कलम सिद्ध झाले नाही. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी दिली. नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये ती २५ वर्षांच्या कारावासात बदलली, आणि हेतू जातीचा नसून सूडाचा होता, असे मानले.

न्यायालयाचा हेतू हा आरोपी आणि मृत यांच्यातील जवळच्या कारणाचा असतो : आधीचे भांडण, दिलेली साक्ष. समाजशास्त्राचा प्रश्न दुसरा असतो : त्याच भांडणात समोर वेगळ्या जातीचे कुटुंब असते, तर सारे गाव जमले असते का, आणि मायलेकींच्या देहाची विटंबना शिक्षेचा भाग म्हणून सुचली असती का? सामूहिक हिंसेत एकेका आरोपीच्या मनात वासना शोधणे व्यर्थ आहे; तेथे स्त्रीचा देह हे कुटुंबाला आणि जातीला धडा शिकवण्याचे ठिकाण बनते. व्यक्तीच्या मानसशास्त्रावर उभी असलेली, प्रश्न ४ आणि ७ मधील पाश्चात्त्य वर्गीकरणे येथे अपुरी पडतात.

१५. कस्तुरबानगरचा तो गुंड, ज्याला बायकांनी कोर्टातच मारले, त्याचा हेतू काय होता?

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूर जिल्हा न्यायालयात ठार झालेल्या त्या इसमावर बलात्कार आणि खुनाचे अनेक आरोप होते. त्यांवर निकाल होण्याआधीच तो मारला गेला, त्यामुळे त्याच्या हेतूविषयी न्यायालयीन निष्कर्ष नाही. वस्तीतील स्त्रियांनी जे सांगितले, त्यात लैंगिक हिंसा खंडणीच्या आणि दहशतीच्या जोडीने येते, म्हणजे ती सत्तेच्या प्रकारात बसते. त्याच्या खुनाच्या खटल्यातील आरोपी २०१४ मध्ये निर्दोष सुटले.

१६. नवऱ्याने जबरदस्ती करून बायकोला मारले, तर ती लैंगिक हत्या मोजतात का?

गुन्हेशास्त्रात होय, सरकारी रकान्यात बहुधा नाही. १८ वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेली जबरदस्ती न्याय संहितेच्या व्याख्येनुसार बलात्कार नाही, म्हणून असा खून 'बलात्कारासह खून' या रकान्यात (प्रश्न ३) येत नाही. तो 'कौटुंबिक वाद' किंवा 'अनैतिक संबंध' म्हणून नोंदला जातो. अमेरिकेतील २००८ च्या एका अभ्यासात, जोडीदाराने पूर्वी गळा आवळलेला असेल, तर पुढे त्याच्याच हातून स्त्रीचा खून होण्याची शक्यता सात पटींहून अधिक दिसली. 'गळा धरला, पण सोडून दिले' हे वाक्य कोणी सांगितले, तर ते किरकोळ भांडण समजू नये. १८१ या महिला मदतवाहिनीला किंवा ११२ ला त्याच दिवशी कळवावे.

१७. मृत्यूनंतर केलेले कृत्य बलात्कार ठरते का?

कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये खुनाची शिक्षा कायम ठेवून बलात्काराचे कलम काढले, कारण व्याख्येत मृतदेह बसत नाही. कायदा बदलावा, असेही सुचवले. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र कृत्य आधीचे की नंतरचे, यावर हेतूचे वाचन बदलते. नंतरचे असेल, तर साक्षीदार संपवणे हा हेतू मागे पडतो.

१८. आरोपी सतरा वर्षांचा असेल तर?

१६ ते १८ वयातील विधिसंघर्षग्रस्त बालकाने घोर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ २०१५ च्या कायद्यातील कलम १५ प्रमाणे त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती तपासते, आणि खटला प्रौढांप्रमाणे चालवायचा का, ते ठरवते. ही तपासणी हेतू सिद्ध करण्यासाठी नसते; अनेक अहवालांत हा घोळ झालेला दिसतो. या वयात गटाचा दबाव आणि मित्रांसमोर मागे न हटण्याची धडपड यांना प्रौढांपेक्षा जास्त वजन द्यावे.

१९. मला पदव्युत्तर प्रबंधासाठी मध्यवर्ती कारागृहात मुलाखती घ्यायच्या आहेत. काय काळजी घ्यावी?

परवानगी पुण्याच्या कारागृह मुख्यालयातून घ्यावी लागते, आणि त्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता. कैदी हा संमतीच्या बाबतीत दुर्बल गट आहे. 'बोललो तर सूट मिळेल' असा त्याचा समज होऊ देऊ नये. अपील प्रलंबित असलेल्या कैद्याशी गुन्ह्याच्या तपशिलाबद्दल बोलणे टाळावे, कारण संशोधकाने दिलेल्या गुप्ततेच्या शब्दाला आपल्याकडे कायद्याचे संरक्षण नाही. बालकावरील अत्याचाराची नवी माहिती हाती आली, तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवावीच लागते. हे मुलाखतीपूर्वीच सांगून ठेवावे. मुलाखतीआधी दोषारोपपत्र, शवविच्छेदन अहवाल आणि निकालपत्र वाचून जावे. मुलाखतीनंतर घरी एकटीने ध्वनिमुद्रण ऐकत बसू नये, मार्गदर्शकांसोबत ऐकावे. माझ्या एका विद्यार्थिनीला यामुळे कित्येक महिने झोप लागली नव्हती, आणि ते मला उशिरा कळले. तेव्हापासून ही अट मी लेखी घालतो.

२०. बातमीत पीडितेचे नाव द्यायला तिच्या वडिलांचीच परवानगी आहे. मग अडचण काय?

न्याय संहितेचे कलम ७२ आणि निपुण सक्सेना खटल्याचा २०१८ चा निकाल. पीडिता मृत असली तरी, आणि नातेवाइकांची परवानगी असली तरी, सत्र न्यायाधीशांच्या निर्णयाशिवाय ओळख उघड करता येत नाही. शाळेचे नाव, गल्ली, वडिलांचे दुकान यांवरूनही ओळख पटते, हे विसरू नये. 'नराधम' या शब्दाबद्दल प्रश्न ४ मध्ये लिहिले आहे. त्याऐवजी 'आरोपी' लिहावे.

२१. नाव सांगणार नाही. मला जबरदस्तीचे, गळा दाबण्याचे विचार येतात. मी असा होणार का?

हा प्रश्न तीनदा आला आहे, तिन्ही वेळा नावाशिवाय. नको असलेला विचार मनात येणे आणि त्याने घाबरून जाणे, हे पुष्कळांच्या बाबतीत चिंतेच्या किंवा मंत्रचळेपणाच्या आजारात होते, आणि त्यावर उपचार आहेत. त्या विचारात सुख वाटत असेल, तो मुद्दाम घोळवला जात असेल, एखाद्या ठरावीक व्यक्तीचा पाठलाग सुरू झाला असेल, तर थांबू नये. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, बोलणे मराठीत होते, पैसे लागत नाहीत. नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात नेहमीची चिठ्ठी काढून जाता येते. तेथे पहिल्या भेटीत सगळे सांगता आले नाही तरी चालेल. 'मला माझ्या विचारांची भीती वाटते' एवढे वाक्य पुरे आहे.